टेकडीची वाट कोण मोडतो?

पुण्याची वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. पहाटे तेथे भेटणाऱ्या प्रत्येकाची तक्रार एकच असते : पायवाट उखडली. दोष अर्थातच पावसाला दिला जातो. तो अर्धाच खरा आहे.

येथील खडक बेसाल्टचा. त्यावरील मुरूम-मातीचा थर पातळ. रोजच्या पावलांनी ही माती दाबली गेली की तिच्यात पाणी मुरत नाही, ते वाटेवरूनच धावू लागते आणि काही पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो. मग चिखल व सुटे दगड चुकविण्यासाठी आपण कडेच्या गवतावर पाय ठेवतो. गवत मरते, वाट रुंदावते, पाण्याला आणखी एक पन्हळ मिळते. वळणे टाळून सरळ उतरणारी ‘जवळची वाट’ तर सर्वांत घातक, कारण तिच्यावर पाण्याला कोठेच अडसर नसतो. (प्रस्तुत लेखकही त्या वाटेने अनेकदा उतरला आहे, हे कबूल केले पाहिजे.)

यावर सिमेंटच्या पायऱ्यांची मागणी होते. परंतु सिमेंटवरून पाणी अधिकच वेगाने वाहते आणि कडेची माती खणून काढते. त्यापेक्षा वाटेवर ठिकठिकाणी दगडांच्या तिरक्या ओळी पुरल्या, तर पाणी बाजूच्या गवतात वळते. आडवाटांवर काटेरी फांद्या टाकल्या, तर गवताला पुन्हा मूळ धरण्यास सवड मिळते. हे काम मे महिन्यातच उरकावयास हवे. आणि जुलैत चिखल असला तरी वाटेच्या मधूनच चालावे. जोडे घरी धुता येतात.