सरकता तरंगा: पेण-रोह्याच्या खोल पाण्यात गळ टाकायचा तर तंगूस असा बांधा

मासेमारीचे दोन-चार रील पाहिले की पुढचा आठवडाभर फीडवर अमेरिकेतली तळी दिसायला लागतात. त्यात एक नाव सारखं येतं, 'क्रॅपी'. तळहाताएवढा ते वीतभर मोठा, चपटा, ठिपक्याठिपक्यांचा मासा. तो झुंडीने राहतो, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत लपतो आणि पाण्याच्या एका ठराविक थरात तरंगत असतो. त्या थरापेक्षा आमिष बरंच खाली गेलं तर तो त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून तिकडचे लोक 'स्लिप बॉबर' वापरतात, म्हणजे तंगुसावर वरखाली सरकणारा तरंगा.

क्रॅपी आपल्याकडे नाही. पण नेमक्या खोलीवर आमिष धरायची अडचण कुंडलिकेच्या कोंडीत आहे, भोगावतीच्या डोहात आहे आणि धरमतरच्या खाडीत तर दर तासाला बदलते आहे. त्यामुळे ही जोडणी इथे कामाची आहे. अर्थात सगळीकडे नाही.

साधा तरंगा कुठे अडतो?

गावाकडची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. बांबूची काठी, काठीएवढंच तंगूस, मध्ये हवाई चपलेचा तुकडा किंवा मोराच्या पिसाचं देठ, खाली शिसं आणि गळ. चार-पाच फूट पाण्यात चिलापी धरायला याच्यापेक्षा चांगलं काही नाही. ज्याच्याकडे रीळ नाही, फक्त काठी आहे, त्याला सरकत्या तरंग्याची गरजच नाही. त्याने उगाच खर्च करू नये.

अडचण रीळवाल्या रॉडला येते. रॉड सात फुटांचा आणि पाणी बारा फूट खोल. तरंगा तंगुसावर घट्ट बांधला तर त्याच्याखाली बारा फूट तंगूस लोंबणार. एवढं लांब शेपूट घेऊन गळ फेकणार कसा? मागच्या झाडात अडकतो, नाहीतर शेजारच्याच्या टोपीत. आणि मासा लागला तरी तरंगा रॉडच्या टोकाच्या कडीला येऊन थांबतो, मासा मात्र अजून बारा फूट खालीच.

सरकत्या तरंग्यात तंगूस तरंग्याच्या मधल्या नळीतून ओवलेलं असतं. फेकताना तरंगा घसरून खाली शिशाजवळ येतो, त्यामुळे लोंबणारा भाग फूट-दीड फूटच राहतो. पाण्यात पडल्यावर तरंगा वर राहतो आणि शिसं तंगूस ओढत खाली जातं. ठरलेल्या खोलीवर तंगुसावरची एक बारीक गाठ मण्याला येऊन अडते, मणी तरंग्याला अडतो आणि आमिष तिथेच टांगलं जातं. गुंडाळताना ती गाठ रॉडच्या कड्यांमधून निघून थेट रिळावर जाते. सगळी युक्ती त्या गाठीत आहे.

बांधायचं कसं?

रॉडकडून गळाकडे क्रम असा: अडगाठ, मणी, तरंगा, शिसं, गळ. हा क्रम चुकला की पुढचं काहीच चालत नाही.

अडगाठीसाठी वेगळा दोरा लागतो, साधारण वीतभर. गोधडी शिवायचा जाड दोरा उत्तम, कारण तो तंगुसाला घट्ट चावतो. दोरा तंगुसाच्या बाजूने लावा. त्याचं एक टोक मागे वळवून फास करा. मग तेच टोक फासाच्या आतून, तंगूस आणि दोरा दोन्हीभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. थुंकीने किंवा पाण्याने ओलं करा आणि दोन्ही टोकं सावकाश ओढा. कोरडं ओढलं तर घर्षणाने तंगूस जळतं आणि नेमका मोठा मासा लागल्यावर तिथेच तुटतं. गाठ नखाने ढकलल्यावर सरकली पाहिजे, पण आपोआप सरकता कामा नये. उरलेली टोकं अगदी मुळाशी कापू नका, अर्धा सेंटिमीटर ठेवा. आखूड ठेवलेली ताठ टोकं रॉडच्या कडीत खटकतात.

मण्याचं भोक गाठीपेक्षा लहान हवं आणि मणी तरंग्याच्या नळीपेक्षा मोठा हवा. माळेतला कुठलाही प्लास्टिकचा मणी चालतो.

तरंगा विकत मिळतो, पण घरीही होतो. हवाई चपलेचा अंगठ्याएवढा तुकडा कापा, तापवलेल्या खिळ्याने मधोमध आरपार भोक पाडा आणि त्यात संपलेल्या बॉलपेनची धुतलेली रिफिल बसवा. रिफिल दोन्हीकडून थोडी बाहेर राहू द्या, नाहीतर रबर तंगुसाला धरून ठेवतं. थर्माकोल टाळा. तो तुटून खाडीत जातो आणि तिथेच राहतो.

नवशिक्यांचं इथे एक हमखास चुकतं. शिसं फार हलकं घेतलं की तंगूस नळीतून खाली सरकतच नाही. तरंगा पाण्यावर छान दिसतो, आमिष मात्र त्याच्या पोटाखालीच लोंबत राहतं आणि माणूस तासभर बसून 'आज मासाच नाही' म्हणत उठतो. शिसं एवढं हवं की तरंग्याचा फक्त वरचा एक तृतीयांश भाग पाण्याबाहेर राहील. शिशाऐवजी हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी नटही चालतो. शिसं विषारी आहे. पाण्यात पडलेले शिशाचे मणी खाऊन हंस मरतात, म्हणून ब्रिटनने १९८७ मध्ये गळाच्या लहान शिशांवर बंदी घातली.

खोली कशी कळणार?

अंदाजाने गाठ लावा आणि फेका. तरंगा आडवा पडला तर शिसं तळाला टेकलंय, गाठ गळाच्या दिशेने थोडी खाली घ्या. तरंगा ताठ उभा राहिला की शिसं अधांतरी आहे. आडव्याचा उभा होतो ती खोली म्हणजे तळ. तिथून वीतभर वर आमिष ठेवलं की गांडुळाला चिलापी बऱ्याचदा लागते.

नदीत हे पुरेसं आहे. खाडीत नाही, कारण सरकता तरंगा खोली वरून मोजतो, तळापासून नाही. भरती चढत गेली की तरंगा वर जातो आणि आमिषही त्याच्यासोबत तळापासून दूर होतं. हिशोब करून बघा. समजा सहा तासांत पाणी ३ मीटर चढणार आहे. ते सारख्या वेगाने चढत नाही. मधल्या दोन तासांत साधारण निम्मं, म्हणजे दीड मीटर चढतं. याचा अर्थ त्या वेळात दर वीस मिनिटांनी गाठ वीतभर वर सरकवावी लागते. भांगाला हे काम कमी, उधाणाला जास्त. खारेपाटात उघाडीच्या तोंडाशी बसणारे जुने लोक न मोजता हेच करतात.

तिथे ते थांबतात ते जिताड्यासाठी. उघाडीतून पाणी सुटलं की त्याबरोबर कोलंबी आणि बारीक मासळी बाहेर येते आणि जिताडा तोंडाशी टपून असतो. तरंग्याखाली जिवंत कोलंबी टांगली तर ती चिखलात न लपता त्याच्या डोळ्यांसमोर राहते. मात्र गळाजवळचं तंगूस जाड ठेवा. जिताड्याच्या गालफडाची कड धारदार असते.

तरंगा बुडाला की लगेच झटका देऊ नका. तंगूस रॉडपासून तरंग्यापर्यंत आडवं आणि तिथून खाली उभं असतं. झटका त्या कोपऱ्यातच जिरतो. आधी ढील गुंडाळा, वजन हाताला लागलं की मग रॉड उचला.

जिताड्याची एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. अंडी घालायला नदीच्या मुखाकडच्या खाऱ्या पाण्यात जातो आणि पिल्लं वर गोड्या पाण्याकडे येतात. म्हणजे फोटोसाठी सगळ्यांना हवा असतो तो अजस्र जिताडा जवळजवळ नेहमी मादीच असते. मधल्या मापाचा ठेवून मोठा सोडला तर पुढच्या पिढीला फरक पडतो. रायगडात जिताडा भेट देऊन कामं करून घेतल्याचे किस्से ऐकत मोठं झालेल्यांना हे पटवणं अवघड आहे, याची कल्पना आहे. चिलापीबद्दल अशी दया दाखवायची गरज नाही. ती मूळची आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणलेली आणि आता जिकडेतिकडे झालेली.

कुठे बसू नये

वाहत्या पाण्यात हा तरंगा निरुपयोगी आहे. धार तरंग्याला ओढते, आमिष तिरकं वर उचललं जातं. तिथे तरंगा काढून तळाला शिसं टाकणं बरं. कुंडलिकेत कोंड किंवा दगडामागचं फिरतं पाणी शोधा.

पण कुंडलिकेत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मुळशीचं पाणी टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून खाली येऊन या नदीत सुटतं. कोलाडचं राफ्टिंग याच पाण्यावर चालतं. वीजनिर्मिती सुरू झाली की वर पाऊस नसतानाही नदी चढते. मघाशी कोरडा असलेला मधला खडक काही वेळात चारी बाजूंनी वेढला जातो. त्यामुळे डोलवहाळ बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला मासे धरायचे तर काठावरूनच, आणि पाणी कधी सुटतं ते स्थानिकांना विचारून. तुमचा तरंगा आपोआप आडव्याचा उभा झाला, म्हणजे गाठ न हलवता खोली वाढली, तर पाणी चढतंय. सामान गोळा करा.

धरणं आणि तलावांत बऱ्याच ठिकाणी मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. हेटवणे तर पिण्याच्या पाण्याचं धरण आहे. गळ टाकण्याआधी परवानगी विचारा. जिताड्याची शेततळी खासगी असतात, तिथे विचारायचाही प्रश्न नाही.

निघताना तुटलेलं तंगूस गोळा करून खिशात टाका. बगळ्याच्या पायात ते अडकलं की सुटत नाही.