एक गाडी, दोन रस्ते

कामगार संघटनेच्या निमित्ताने माझे आयुष्य ड्रायव्हर आणि गॅरेजमधील मिस्त्री यांच्यात गेले. कॉलेज पाहिले नाही. जे शिकलो ते गाडीखाली आडवे पडून. अलीकडे तरुण विचारतात, सोमवारी जिने कामावर जायचे तीच गाडी रविवारी ट्रॅकवर पळवायची, तर स्प्रिंग किती कडक घालावी?

कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर पळणाऱ्या कार्टला स्प्रिंगच नसते. तिची नळ्यांची चौकटच पिळवटते. गुळगुळीत ट्रॅकवर ते चालते. वाडीची बासुंदी घेऊन तशा गाडीतून शिरोळ गाठाल तर वाटेत लोणी निघेल! मोटारीसाठी मोठा ट्रॅक हवा तर कोईमतूरचा कारी स्पीडवे गाठावा लागतो. तिथली फेरी सुमारे २ किलोमीटरची आणि तिथवरची वाट शेकडो किलोमीटरची. म्हणून आधी रस्त्याचा विचार.

स्प्रिंग १ मिलिमीटर दबण्यास जितके किलो वजन लागते, ती तिची ताठरता. शॉकअप नसता तर गाडी सेकंदाला किती झोके घेईल, यावरून ती ठरवतात. घरच्या गाडीला १ ते १॥, ट्रॅकच्या गाडीला २ किंवा अधिक. दोन्हीकडे चालवायची तर पावणेदोनच्या पुढे जाऊ नये, असे माझे मत. एका चाकावर स्प्रिंगने तोललेला भार ३०० किलो धरा. दीड झोक्यांना चाकाशी २.७ किलो ताठरता लागते, पावणेदोनला ३.७, दोनला ४.८. झोके थोडे वाढले तरी ताठरता वर्गाने वाढते.

पुष्कळजण फसतात ते पुढेच. चाक १० मिलिमीटर उचलले असता स्प्रिंग ७ च दबत असेल, तर तिची निम्मीच ताठरता चाकापर्यंत पोचते. तेव्हा ३.७ साठी स्प्रिंग साडेसातची हवी. मित्राच्या गाडीचा आकडा म्हणूनच उपयोगी पडत नाही.

कडक म्हणजे वेगवान, हा भ्रम आहे. खड्ड्यावरून उडालेले चाक वळतही नाही, थांबतही नाही. त्याहून वाईट म्हणजे करवतीने वेटोळे कापणे. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग ताठ होते आणि आखूडही. चाक खाली लोंबताच ती बैठकीतून निसटू शकते. गिऱ्हाइकाच्या हट्टाने अशी स्प्रिंग कापणारा एक मिस्त्री मला ठाऊक आहे. गाडी उसात शिरली आणि भरपाई त्याच्या पगारातून कापली गेली. ते प्रकरण मी लढवले. पगार परत मिळाला, पण त्याला तीन महिने लागले.

नवी स्प्रिंग बसवाल तेव्हा शॉकअपही तिला जुळता घ्या. जुना मऊ शॉकअप तिचे झोके आवरू शकत नाही.