करड्या त्रिकोणावरची लाल चौकट

दोन दाढा एकमेकींना टेकतात त्या फटीतली कीड बहुतेकदा डॉक्टरांच्या आरशालाही चकवते. मग छोट्या सेन्सरला जोडलेली पट्टी दातांत चावून धरायला लावून 'बाइटविंग' एक्स-रे काढतात. त्यावर कीड दिसते ती इनॅमलच्या पांढऱ्या कडेवरच्या करड्या त्रिकोणासारखी, तांदळाच्या कणीहूनही लहान. तीही तिथली साधारण ३० ते ४० टक्के खनिजं झिजल्यावरच. त्यात हिरडीलगत, दाताच्या मानेपाशी, कीड नसतानाही काळसर पट्टा उमटतो. तिथे किरणं अडवायला ना इनॅमल पुरेसं, ना हाड. एकाच एक्स-रेवर दोन डॉक्टरांची दोन मतं होतात ती उगाच नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता शिरली ती याच फटीत. 'पर्ल' आणि 'ओव्हरजेट' या कंपन्यांच्या कीड हेरणाऱ्या प्रणालींना अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये मंजुरी दिली, पण डॉक्टरांच्या मदतनीस म्हणून. दंतवैद्यांनी खुणा करून दिलेल्या ढीगभर एक्स-रेंवर अशा प्रणाली शिकतात. म्हणजे नजर उसनीच, फक्त न थकणारी.

खरा प्रश्न संशयित जागेभोवती यंत्राची लाल चौकट उमटल्यानंतरचा. इनॅमलपुरती असलेली, पृष्ठभाग न फुटलेली कीड फ्लोराइडने आणि गोड कमी केल्याने थोपवता येते. तिथे ड्रिल लावलं, की आज सिमेंट, काही वर्षांनी मोठं सिमेंट, पुढे रूट कॅनल आणि कॅप, अशी रांग लागू शकते. कीड वाढतेय की कधीच थांबलीय, हे एका एक्स-रेवरून यंत्रालाही कळत नाही. आपल्याकडे दातांचा खर्च बहुधा खिशातूनच होतो. अशा वेळी स्क्रीनवरच्या लाल चौकटीपुढे पेशंट काय बोलणार?

म्हणून मला यंत्राचं हेरण्यापेक्षा मोजणं जास्त मोलाचं वाटतं. हिरड्यांच्या आजारात दाताभोवतीचं हाड हळूहळू खचतं, बहुतेकदा दुखत मात्र नाही. हाडाची पातळी मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या ओव्हरजेटच्या प्रणालीला एफडीएची मंजुरी कीड हेरणाऱ्या प्रणालींच्या आधीच, २०२१ मध्ये मिळाली होती. एकेका दाताशी असं माप घेत बसणं गर्दीच्या दवाखान्यात मागे पडतं. यंत्राला ते क्षणाचं काम. दोन वर्षांपूर्वीचा आणि आजचा आकडा शेजारी ठेवला, की हाड किती उतरलं ते कळतं. फक्त त्यासाठी जुना एक्स-रे लागतो, आणि तो मागितला की आपल्याकडचा पेशंट व्हॉट्सअॅप चाळायला लागतो.