दीक्षेचा ठसा आणि मनाचा कौल

पद सोडावें कीं काय, हा विचार कॅथलिक धर्मगुरूच्या मनांत येतो तेव्हां नोकरीचा राजीनामा देणाऱ्याची मोकळीक त्याला नसते. दीक्षेचा ठसा आत्म्यावरून कधींच पुसला जात नाहीं, असें चर्च मानतें. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणें अत्यंत गंभीर कारणासाठींच रोमहून त्याला मुक्त करण्यांत येतें. ब्रह्मचर्याच्या बंधनांतून सूट देण्याचा अधिकार तर एकट्या पोपचा. पुढें मिस्सा करण्यास त्याला मनाई असते. पण मरणोन्मुख मनुष्यानें त्याच्यापाशीं पापनिवेदन केलें, तर त्यानें दिलेली पापक्षमा ग्राह्यच! ठसा उरतो तो असा.

मग निर्णय करावा कसा? इग्नेशियस लॉयोलाच्या ज्या ‘आध्यात्मिक साधना’ ग्रंथास १५४८ सालीं पोपची मान्यता मिळाली, त्यांत याची रीत आहे. मन उदास, कोरडें असतां पूर्वीचा निश्चय बदलूं नये. मन शांत असतां, कोणी अनोळखी मनुष्य याच पेंचांत सल्ला मागावयास आला तर त्याला काय सांगूं, हें पाहावें. गंमत अशी कीं, इग्नेशियस दीक्षेला विवाहाप्रमाणेंच अपरिवर्तनीय धरतो. ती नीट विचार न करतां घेतली असली तरी तींतच नेटानें वागावें, असें त्याचें म्हणणें. म्हणजे त्याची रीत वापरणारा त्यानेंच लावलेल्या दारापाशीं उभा!

थकवा, एकाकीपणा, कोणा स्त्रीवरील प्रेम आणि श्रद्धाच ढळणें, हीं दुःखें एक नव्हेत. थकव्यास विश्रांति पुरते. श्रद्धा गेल्यावर रोज वेदीपुढें उभें राहणें मात्र असत्याचरण होय. एकाकीपणाचें कोडें अधिक अवघड; कारण पद सोडतांना घर, चरितार्थ आणि सारी ओळखीपाळखीही एकदमच सुटते.