उत्तर दिले आणि सगळे हसले!

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाची सहल हिवरे बाजारला गेली. नगर तालुक्यातल्या या गावाचे नाव आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. भाकरी-ठेचा बांधून आम्ही सकाळीच जीपमध्ये बसलो. मागच्या बाकावर माझी भाची आणि तिची मैत्रीण मोबाईलमध्ये डोके घालून फिदीफिदी हसत होत्या. आमच्या आत्याबाईंना राहवले नाही. "काय गं, दोघीच दात काढता? आमाला बी सांगा की!"

भाचीने मोबाईल पुढे केला. कुठल्याशा सिनेमातल्या नटाचे रडके तोंड आणि त्याच्यावर दोन ओळी. आत्याबाईंनी तो हातभर लांब धरून पाहिला. मग भाची समजावू लागली, की हा नट कोण, सिनेमात तो का रडतो, आणि परीक्षेच्या निकालाशी त्याचा काय संबंध. समजावून होईपर्यंत आत्याबाई तर हसल्या नाहीतच, पण त्या दोघींचेही हसू विरून गेले.

गावात पोचल्यावर तिथल्या एका भाऊंनी सगळे फिरून दाखवले. डोंगरावरचे चर, राखलेले गवत, विहिरी. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी कशी पाळली ते सांगितले. पाऊस तसा इथे थोडाच. पण पडेल तो मोजतात, किती मुरला, किती उरला याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि कोणते पीक घ्यायचे ते त्यावरून ठरवतात. उसासारखे पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही, शेतीसाठी बोअर मारायचे नाही. "बँकेच्या खात्यासारखंच आहे, मावशी," ते म्हणाले, "जमा बघून खर्च करायचा."

आत्याबाई पटकन बोलून गेल्या, "बायांनो, यांचं पाणी बँकेत हाय, आन् आपलं सावकाराकडं!"

काय हसलो म्हणता! जीपचा ड्रायव्हर लांब झाडाखाली उभा होता, तोही हसला. आमच्या वस्तीत चैत्र लागला की टँकर विकत घ्यावा लागतो, आणि टँकरवाल्याची उधारी आषाढापर्यंत फिटत नाही. हे कोणी कोणाला समजावून सांगितले नाही. सांगायची गरजच पडली नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हा विचार घोळतो आहे. एका चिमटीत धरावे एवढ्या वाक्याने वीस बाया पोट धरून हसतात, आणि दुसरा विनोद समजावता समजावता मरून जातो, असे का व्हावे?

आत्याबाईंच्या वाक्यात खरा खेळ 'सावकार' या शब्दाचा आहे. भाऊंनी आमचे मन बँकेच्या वाटेला लावले होते. आत्याबाई त्याच वाटेने दोन पावले चालल्या आणि अचानक वळल्या. बँक आणि टँकर यांच्यामधली उडी आम्ही प्रत्येकीने आपापल्या मनात मारली. हसू त्या उडीचे आहे. कोणी हाताला धरून पलीकडे नेले, तर पोचता येते, पण हसू येत नाही. अमेरिकेतल्या पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरेन या दोन संशोधकांनी २०१० साली याला आणखी एक गोष्ट जोडली. त्यांचे म्हणणे असे, की काहीतरी रीत मोडली पाहिजे, पण त्याच क्षणी ते मोडणे निर्धोकही वाटले पाहिजे. रीत मोडलीच नाही तर ते साधे बोलणे झाले. फारच मोडली तर हसणे दूर, माणूस दुखावतो. बरोबरच आहे! पण निर्धोक कोणाला वाटले पाहिजे, हा प्रश्न मागे उरतोच. त्याच्याकडे मी पुढे येणार आहे.

ही विद्या आपल्या लोकांना नवी नाही. तमाशातला सोंगाड्या दुसरे काय करत होता? आणि तमाशा कोणी जगवला? बहुतेक फडांत महार-मांग समाजाचेच कलावंत होते. पठ्ठे बापूरावांच्या जोडीने गाजलेली पवळा याच नगर जिल्ह्यातली, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची. बतावणीत सोंगाड्या मुद्दाम चुकीचे ऐकतो, शब्द उलटा धरतो आणि पाटलाला, कोतवालाला त्याच्याच बोलण्यात अडकवतो. दिवसा ज्याच्यासमोर मान वर करायची सोय नव्हती, त्याला रात्री कंदिलाच्या उजेडात उत्तर मिळे.

पुढे सत्यशोधकांनी आणि मग आंबेडकरी जलसेकारांनी याच साच्यात नवा मजकूर भरला. सत्यशोधक जलशात गणपती म्हणजे गणांचा, म्हणजे लोकांचा पती, असा अर्थ लावला गेला. शब्द तोच, पण देवाच्या जागी लोक येऊन बसले! १९३० च्या दशकात नाशिकचे भीमराव कर्डक आणि इतर जलसेकार गावोगाव फिरले, तेव्हा नाच्या पोरीवरचे आंबट हसू त्यांनी काढून टाकले आणि बतावणीतले उत्तर तेवढे ठेवले.

ते उत्तर कसे बनते, हे दाखवायला मी माझ्या मनानेच एक प्रसंग जुळवते. मालक सोंगाड्याला दटावतो, "विहिरीला शिवू नकोस, पाणी बाटेल."

"न्हाई शिवत, मालक. पर ही हीर खणली कुणी?"

"तूच खणलीस."

"आन् पाणी लागलं तवा खाली कोण हुतं?"

"तूच होतास."

"मंजी पयलं पाणी माज्या पायाला लागलं?"

"लागलं असेल. मग?"

सोंगाड्या लोकांकडे वळतो. "ऐकलंत का मंडळी? मालक रोज सकाळी माज्या पायाचं तीर्थ घेत्यात!"

यात सोंगाड्याने शिवी दिली नाही, की हात उगारला नाही. त्याने तीन साधे प्रश्न विचारले. उत्तरे मालकानेच दिली. शेवटी जो फास आवळला, तो मालकाच्या हाताने वळलेला. 'तीर्थ' हा शब्द ज्यांनी वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या पायाशी वाकून ऐकला आहे, त्यांना तो उलटा झालेला ऐकून जे हसू फुटेल, ते इतरांना तेवढे फुटणार नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले, हे माहीत असलेल्या घरात तर हसता हसता डोळ्यांत पाणीही येईल.

हीच रीत संयुत्त निकायातल्या एका जुन्या प्रसंगात आहे. भारद्वाज गोत्राचा एक ब्राह्मण रागाने भगवंतांकडे येतो आणि वाटेल तसे बोलतो. भगवंत विचारतात, की तुझ्याकडे पाहुणे येतात का? येतात. तू त्यांना खायला वाढतोस का? वाढतो. त्यांनी घेतले नाही तर ते कोणाचे? माझेच. मग हे तुझे बोलणेही मी घेतले नाही, ते तुझ्याकडेच राहिले! इथे कोणी खदाखदा हसत नाही, पण वाचताना ओठाचा कोपरा हलतोच. प्रश्न साधे, उत्तर समोरच्याचे, आणि शेवटी वळण.

आता मोबाईलवरच्या चित्रांकडे येऊ. पोरे त्यांना 'मीम' म्हणतात. हा शब्द रिचर्ड डॉकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७६ साली आपल्या पुस्तकात घडवला. नक्कल करत करत एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात पसरणारी कल्पना, असा त्याचा मूळ अर्थ. मला विचाराल तर मीम म्हणजे आपली चाल. आपले शाहीर लोकांच्या तोंडी बसलेल्या गाण्याची चाल घेतात आणि त्यात नवे शब्द घालतात. चाल ओळखीची असल्याने कान आधीच तयार असतो, शब्द तेवढे चकवतात. मीममध्ये चित्र ही चाल. 'अशी ही बनवाबनवी' हा सिनेमा १९८८ चा, पण आजही त्याची चित्रे पोरांच्या मोबाईलवर फिरतात. राहायला खोली मिळावी म्हणून दोन मित्र बाईचे सोंग घेतात, अशी ती गोष्ट. (शहरात खोली शोधताना आडनाव सांगायची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांना या गोष्टीत आणखी एक हसू सापडते. ते बाकीच्यांना दिसत नाही.)

आत्याबाईंना जीपमध्ये हसू का आले नाही, तेही आता कळते. त्यांना चालच ठाऊक नव्हती.

पण सगळीच चित्रे अशी गोड नसतात. भाचीने मला सहलीहून परतताना, अंधार पडल्यावर, एक गोष्ट सांगितली. तिच्या कॉलेजच्या वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी एक चित्र टाकले होते. ऑपरेशनच्या टेबलावर घाबरलेला पेशंट, आणि डॉक्टर सवलतीतून पास झालेला आहे असे त्याला कळते. पटापट हसरी तोंडे उमटली. "मावशी, मीसुद्धा एक टाकलं," ती म्हणाली. "नसतं टाकलं तर सगळ्यांना कळलं असतं." यापुढे ती बराच वेळ बोलली नाही. मीही बोलले नाही.

मघाचा प्रश्न इथे पुन्हा येतो. ते चित्र निर्धोक कोणाला होते? टाकणाऱ्याला होते. हसणाऱ्या पन्नास जणांना होते. एकीला नव्हते, आणि तिलाच सगळ्यांत आधी हसावे लागले. हसण्याच्या बाबतीत माणसे समान कधीच नव्हती. भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि तेही वाटून दिले आहेत. उत्तम माणसाने ओठातल्या ओठात हसावे, मध्यमाने थोडे मोठ्याने, आणि गडगडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणे ते अधमाचे. म्हणजे हसण्यालाही पायऱ्या! आमच्या जीपमधल्या बाया त्या हिशेबाने तळाच्या पायरीवरच.

एकाच चित्रावर एक हसतो आणि दुसरा जळतो, हे आपण २०१२ साली साऱ्या देशात पाहिले. शंकर यांनी १९४९ साली काढलेले व्यंगचित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात छापलेले होते. राज्यघटनेच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसले आहेत आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. त्या मे महिन्यात संसदेत गदारोळ झाला, सरकारने माफी मागितली, पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या खोलीची मोडतोडही झाली. ती मोडतोड मला मान्य नाही. बाबासाहेबांच्या लेकरांनी पुस्तकवाल्याची खोली फोडू नये. पण 'यात दुखावण्यासारखे काय आहे, गंमत तर आहे' असे जे म्हणत होते, त्यांनाही एक गोष्ट कळली नव्हती. चाबकाचे चित्र पाहून हसू येण्यासाठी चाबूक ही फक्त चित्रातलीच वस्तू असावी लागते. उन्नमती श्यामसुंदर यांनी पुढे २०१९ साली बाबासाहेबांवरची त्या काळातली शंभरावर व्यंगचित्रे शोधून एका पुस्तकात मांडली. ती सलग पाहिली की हसणारे कोण होते आणि हसे कोणाचे केले जात होते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

भाचीने मात्र नंतर उत्तर दिले. दोन दिवस विचार केला म्हणे! हजरजबाबी उत्तरालाही कधी कधी दोन दिवस लागतात. त्याच चित्राखाली तिने लिहिले, "ऑपरेशनच्या आधी डॉक्टरच्या डोनेशनची पावतीसुद्धा बघून घ्या." सहा-सात जण हसले. त्यांतले दोन तर पहिल्या चित्रालाही हसलेलेच होते. ज्याने चित्र टाकले होते त्याने लिहिले, "अगं, जोक होता!" भाचीने लिहिले, "माझाही."

रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने लोकांच्या हसण्याच्या नोंदी ठेवल्या. माणूस एकटा असताना जेवढा हसतो, त्याच्या तीसपट सोबतीत हसतो असे त्याला आढळले. त्यातही खरे विनोद थोडेच, बाकी सगळे साधेच बोलणे. म्हणूनच की काय, मोबाईलवर एकट्याने काही वाचले की आपण नुसते नाकातून हसतो आणि लगेच दुसऱ्याला पाठवतो. ते पाठवणे म्हणजे शेजारी बसायला बोलावणे असते. भाचीच्या त्या उत्तरालाही सहा-सात जण शेजारी येऊन बसले. आधी ती एकटीच बसली होती.

हिवरे बाजारहून आल्यावर भाचीने आत्याबाईंचे वाक्य एका चित्रावर लिहिले. खाली आमच्या वस्तीतली हंड्यांची रांग, वर बँक आणि सावकार. आत्याबाईंना दाखवले, तर त्या आधी लाजल्या, मग म्हणाल्या, "माजा फोटू नगं टाकू, टँकरवाला उधारी बंद करंल." चित्र रात्री मंडळाच्या ग्रुपवर गेले आणि सकाळपर्यंत कुठल्या कुठे पोचले. पाथर्डीकडच्या कोणा भगिनीने त्याच्या खाली लिहिले होते, "तुमच्या सावकाराचा नंबर पाठवा. आमच्याकडे तोही येत नाही."