लिनक्स आणि काळ्या पडद्याची धास्ती

लिनक्सचं नाव निघालं की काळा पडदा आणि त्यावर झरझर सरकणारी अक्षरं आठवणारे अजूनही पुष्कळ. कमांड पाठ नसतील तर या वाटेला जाऊच नये, असं ते इतरांनाही बजावतात.

मुळात खिडक्या आणि माऊस लिनक्सवर आले त्याला बराच काळ लोटला. ऑक्टोबर १९९६मध्ये माथियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्याने केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाची घोषणा केली, तीच सामान्य वापरकर्त्याला समोर ठेवून. लिनक्स ज्या घराण्यातलं त्या युनिक्सवरचा प्रत्येक प्रोग्रॅम दिसायला वेगळा आणि वागायलाही वेगळा, ही त्याची तक्रार होती. १९९७मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना या मेक्सिकन जोडीने ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप सुरू केला. पुढे लिनक्सच्या तयार आवृत्त्या निघाल्या: २००४ला उबुंटू आलं, २००६ला मिंट. आज मिंटवर वायफाय जोडणं, लिब्रेऑफिसमध्ये अर्ज लिहून छापणं, मोबाइलमधले फोटो उतरवणं, अपडेट घेणं ही सगळी कामं माऊसनेच होतात. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलकसुद्धा सेटिंगमध्ये जाऊन निवडायचा असतो.

मग अडचण आली आणि इंटरनेटवर उत्तर शोधलं, की दर वेळी कमांडच का हाती पडते?

गंमत इथेच आहे. लिनक्सला खिडक्या कमी नाहीत, उलट फार आहेत. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, एक्सएफसीई असे अनेक डेस्कटॉप, आणि प्रत्येकाचा मेनू निराळा. ‘डावीकडच्या तिसऱ्या बटणावर क्लिक करा’ हे सांगणं एकाला लागू पडतं, दुसऱ्याला ते बटणच सापडत नाही. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी’ ही व्हिडिओ प्लेयर बसवणारी ओळ मात्र उबुंटूवर चालते, मिंटवर चालते, डेबियनवरही बहुधा चालते, मग डेस्कटॉप कोणताही असो. उत्तर देणाऱ्याला चार चित्रं जोडण्यापेक्षा एक ओळ लिहिणं सोपं पडतं. त्या ओळीवरून नवखा समजतो की हा एकच मार्ग आहे. तेच व्हीएलसी मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव शोधून, एक बटण दाबूनही मिळतं.

‘माऊसने केलं की सुरक्षित, कमांड दिली की सत्यानाश’ हाही असाच अर्धवट समज. २०२१मध्ये लिनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध कॅनेडियन यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्स आवृत्तीवर स्टीम हे गेमचं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. सॉफ्टवेअरच्या दुकानाने नकार दिला, पण कारण धड सांगितलं नाही. मग गडी टर्मिनलकडे, म्हणजे कमांडच्या त्या काळ्या पडद्याकडे वळला. टर्मिनलने सविस्तर इशारा दिला: आवश्यक भाग काढले जातील, खात्री असेल तरच पुढे जा, आणि जायचंच असेल तर ‘हो, मी सांगतो तसं कर’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य टाइप कर. त्याने ते टाइप केलं आणि अख्खा डेस्कटॉप उडाला. चूक मूळ पॅकेजमध्ये होती. पॉप ओएस बनवणाऱ्या सिस्टिम७६ने नंतर ती पळवाटही बंद केली. खिडकीने त्याला अडवलं, पण समजावलं नाही; टर्मिनलने समजावलं, पण अडवलं नाही. सोपेपणा फक्त चित्रांतून येतो असं मानणाऱ्यांनी हा किस्सा जरूर लक्षात घ्यावा.

अर्थात, कमांड कधीच लागत नाही असं छातीठोक सांगणारे उत्साही लोकही नवख्याची फसवणूकच करतात. एखादं हट्टी वायफाय कार्ड किंवा जुना प्रिंटर असेल तर टर्मिनल उघडावं लागू शकतं. (विंडोजलाही पॉवरशेल हा कमांडचा पडदा आहेच, पण त्यावरून विंडोजला कुणी अवघड म्हणत नाही.)

खरी अडचण बहुधा दुसरीकडेच असते. फोटोशॉपची लिनक्स आवृत्ती निघालेली नाही. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराचा संगणकही विंडोजशी बांधलेला असतो. शिवाय बाजारातल्या बहुतेक लॅपटॉपवर विंडोज आधीच बसवलेलं असतं, लिनक्स स्वतः चढवावं लागतं. याउलट केरळच्या सरकारी शाळांत ‘काइट’ ही राज्य सरकारची संस्था उबुंटूवर बेतलेली प्रणाली पुरवते. तिथे मुलांपुढे संगणक येतो तो शिक्षणाची सॉफ्टवेअरं आणि मल्याळमची सोय यांसह तयार होऊनच.

घरच्या संगणकावर पाहायचं तर मिंट किंवा उबुंटू पेनड्राइव्हवर घेऊन, काहीही इन्स्टॉल न करता, तिथूनच सुरू करता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि रोजची दोन-चार कामं तेवढ्यात तपासून होतात, आणि पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला की जुनं विंडोज होतं तसंच उघडतं.