कुंडलीची पुण्यातील कसोटी

जन्मकुंडलीवरून बुद्धिमत्ता ओळखता येते, हा फलज्योतिषाचा दावा पुण्यात २००८ साली संख्याशास्त्राच्या कसोटीवर तपासण्यात आला. ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतील नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी ही चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० कुंडल्या एकत्र मिसळून त्यांना क्रमांक देण्यात आले. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील ४० कुंडल्या मिळाल्या. मूल हुशार की मतिमंद, एवढेच सांगायचे होते. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. त्यांतली सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नुसते नाणे उडवून ठरवले असते तरी सुमारे ५० टक्के जुळली असती.

या निष्कर्षाला मर्यादाही आहे. तो बुद्धिमत्तेविषयीच्या एका दाव्यापुरता आहे. ज्योतिषाचे बाकीचे दावे वेगळे तपासावे लागतील. ज्या विधानातून पडताळता येईल असे भाकीत निघते, तेच विज्ञानाच्या कक्षेत येते. ईश्वर आहे की नाही, जगण्याचे प्रयोजन काय, असे प्रश्न या पद्धतीने सुटत नाहीत. मात्र धर्म किंवा परंपरा जगातील घटनांविषयी ठोस दावा करते, तेव्हा तिलाही पुराव्याची अट लागू होते.